सावल्यांचा खुलासा

दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या साडीवर बारीक काळे ठिपके दिसले, की साखर कारखाना सुरू झाला हे मला कळतं. कुणी सांगावं लागत नाही. ढोकीच्या या अंगाला राहणाऱ्या कुणालाच लागत नाही. दिवाळीच्या पणत्या कोनाड्यात अजून तेलकट असतात, रानात ज्वारी गुडघ्याला आलेली असते आणि चिमणीतून उडालेली काजळी गावावर उतरायला लागते. ती हातानं झटकायची नसते. हात लावला की ठिपक्याची रेघ होते, आणि मग ती साबणालाही दाद देत नाही. फुंकर मारायची. लग्न होऊन नवीन आलेल्या सुनांना इथं आधी हे शिकवतात, स्वयंपाकाचं नंतर बघतात.

काजळीमागोमाग मळीचा वास येतो. गोडही आणि आंबूसही. पाहुण्याला दोन दिवस मळमळतं, गावच्या माणसाला तो येतच नाही. मला मात्र पंचवीस वर्षं इथं काढूनही येतो, आणि आला की दीपालीची गोष्ट आठवते. आठवते म्हणजे मागे लागते. पीठ चाळताना, वह्या तपासताना, एसटीची वाट बघताना. यंदाच्या हंगामात तर तिनं मला पुरतं गाठलं.

गोष्ट म्हणजे फुलस्केप कागदाची दीड पानं. दहा वर्षांपूर्वी सातवीतल्या एका मुलीनं स्पर्धेसाठी लिहिलेली. वरच्या कोपऱ्यात माझ्या लाल अक्षरात शेरा आहे: ‘ही विज्ञानकथा नाही. अद्भुतकथा आहे. स्पर्धेबाहेर.’ तीन वाक्यं आणि तिन्हींच्या पुढं ठसठशीत पूर्णविराम.

मी विज्ञान शिकवते. अजून चार वर्षं शिकवणार आहे, मग निवृत्त होईन. मला खाने आवडतात. माझ्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर चिठ्ठी आहे आणि चिठ्ठीवर लिहिलेलाच जिन्नस आत आहे, हा आमच्या गल्लीत चेष्टेचा विषय आहे. हे होते तेव्हा म्हणायचे, ‘तू स्वर्गात गेलीस तरी आधी अमृताच्या घागरीला चिठ्ठी डकवशील.’ त्यांना जाऊन चार वर्षं झाली, मुलगा पुण्यात नोकरीला असतो, चिठ्ठ्या तेवढ्या जागच्या जागी आहेत. धातू आणि अधातू, सपुष्प आणि अपुष्प, असं जगाचं दोन-दोन खान्यांत वाटप करताना मला जो आनंद होतो, तो लपवण्यात काही अर्थ नाही. कुणी वटवाघूळ पक्ष्यांत घातलं की माझं डोकं उठतं.

दीपालीनं गोष्ट लिहिली त्या वर्षी हंगाम ऐन भरात असताना, फेब्रुवारीत, तालुक्याची विज्ञानकथा स्पर्धा जाहीर झाली. प्रत्येक शाळेनं तीन कथा पाठवायच्या होत्या आणि आमच्या शाळेची निवड माझ्याकडं होती. मी सातवीच्या वर्गात गेले आणि फळ्यावर मधोमध रेघ मारली. डावीकडं लिहिलं विज्ञानकथा, उजवीकडं अद्भुतकथा.

‘अंगठी घातली आणि माणूस गुप्त झाला, तर ती अद्भुतकथा,’ मी म्हणाले. ‘औषध घेतलं, त्या औषधानं उजेड अंगातून आरपार जायला लागला आणि म्हणून तो दिसेनासा झाला, तर ती विज्ञानकथा. अद्भुतकथेत जे होतं ते होतं. का झालं, असं विचारायचं नाही. विज्ञानकथेत विचारायचं, आणि लिहिणाऱ्यानं खुलासा द्यायचा.’ खुलासा या शब्दाखाली मी दोन रेघा मारल्या.

‘मॅडम,’ शेवटच्या बाकावरून दीपालीनं विचारलं, ‘आमच्या वाडीत नळाला पाणी आलं, अशी गोष्ट लिवली तर ती कंच्या खान्यात?’

वर्ग हसला. मीही हसले. ‘ती गोष्टच नाही, ती बातमी,’ मी म्हणाले, आणि वर्ग आणखी हसला. दीपाली हसली नाही. तिला खरंच उत्तर हवं होतं आणि मी चेष्टा करून मोकळी झाले होते.

दीपाली ऊसतोड मजुरांची मुलगी. ईट गावाच्या पलीकडं डोंगराच्या अंगाला त्यांची वाडी. आजा मेंढरं राखायचा. मेंढरं गेली, चरायचं रान गेलं आणि घर तोडणीला लागलं. दरवर्षी दिवाळी झाली की त्यांची टोळी ट्रॅक्टरात बसून आमच्याकडं यायची, ओढ्याकाठी उसाच्या वाळल्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, घालायची, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी दीपाली तिच्या गावच्या गुरुजींची चिठ्ठी घेऊन वर्गाच्या दारात उभी राहायची. हजेरीपटात शेवटच्या मुलीच्या खाली मी तिचं नाव लिहायचे. फड संपले की टोळी निघायची आणि मी त्या नावावर आडवी रेघ मारायचे. असे तीन हंगाम झाले होते. माझी रेघ पट्टी धरून मारलेली असायची.

एकदा तिला सूक्ष्मदर्शकातून कांद्याचा पापुद्रा दाखवला होता. बाकीच्या मुली एक डोळा मिटून, ‘दिसलं, दिसलं’ करत पुढं सरकल्या. ही डोळाच काढेना. शेवटी म्हणाली, ‘मॅडम, ह्यात समद्या कोप्याच कोप्या हायती.’ पेशींना इतकं बरोबर नाव माझ्या वर्गात दुसऱ्या कुणी दिलेलं नाही. पण परीक्षेत असं लिहिलं तर मार्क मिळत नाहीत, एवढंच मी तिला तेव्हा सांगितलं.

आमचे त्या वेळचे मुख्याध्यापक भला माणूस. धाराशिवच्या एका मुलींच्या वसतिगृहात त्यांची ओळख होती. शाळेनं तालुक्याच्या स्पर्धेला पाठवलेली मुलगी असली आणि तसा कागद हातात असला, तर एक जागा देता येईल, असं तिथून त्यांना कळलं होतं. त्यांनी दीपालीच्या आईला, कांताबाईला, निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत कांताबाई फडातून तशीच आली. डोक्याला फडकं, मनगटापर्यंत पाचटानं कापलेले हात. वर्गात ये म्हटलं तर आली नाही, उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

‘मॅडम, टोळी पंधरा दिसांत हलणार हाय. उमरग्याच्या पल्याड जायचंय,’ ती म्हणाली. ‘हिचं नाव गेलं तर हिला वस्तीगृहात ठिवते. न्हाय गेलं तर संगं न्यावं लागंल. आमी दोघं फडात, ही एकटी कोपीत. आता ती न्हान न्हाय ऱ्हायली.’

पुढचं बोलायची गरज नव्हती. मी म्हणाले, ‘चांगली लिहिली तर जाईलच की. काळजी करू नका.’

चांगली लिहिली तर. हा ‘तर’ मीच घातला होता.

दीपालीनं लिहिलेली गोष्ट अशी सुरू होते: ‘एक यंत्र होते. त्याला ड्रायव्हर नव्हता. ते सकाळी उसाच्या फडात शिरायचे आणि ऊस संपल्यावर बाहेर यायचे. त्याला तहान लागत नव्हती. तोडणारी माणसे बांधावर बसून राहिली. पण त्यांच्या सावल्या फडातच राहिल्या. त्या वाकून मोळ्या बांधत होत्या. यंत्राला त्या दिसत नव्हत्या. यंत्र त्यांच्या अंगावरून जात होते तरी त्या मोळ्या बांधत होत्या.’

वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता, हे आज कबूल करते. दुपारच्या उन्हात, शाळेच्या व्हरांड्यात, पन्नास मुलींचा गलका चालू असताना आला होता. आणि काटा आला याचाच मला राग आला. विज्ञानकथेनं अंगावर काटा आणायचा नसतो, डोक्याला खाद्य द्यायचं असतं, अशी माझी शिस्त. मी दीपालीला बोलावलं.

‘यंत्र ठीक आहे,’ मी म्हणाले. ‘पण माणूस बांधावर आणि सावली फडात, हे कसं शक्य आहे? उजेड कुठून येतोय? हे तर भुताखेताचं झालं. एक तर सावल्या काढून टाक, नाहीतर त्यांचा खुलासा दे. उद्यापर्यंत.’

‘सावल्या काढल्या तर मागं काय ऱ्हातं मॅडम?’ तिनं विचारलं.

‘यंत्र राहतं,’ मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिनं कागद आणून दिला. सावल्या होत्या तिथंच होत्या. समासात एक वाक्य नव्यानं लिहिलेलं होतं: ‘सावल्या का उरल्या हे यंत्र बनवणाऱ्यालाही माहीत नव्हते. त्याने त्यांचा विचार केला नव्हता.’

हा खुलासा नव्हे, असं मी ठरवलं. लाल पेन काढलं आणि शेरा मारला. मुख्याध्यापकांनी मला केबिनमध्ये बोलावून घेतलं. ‘जाऊ द्या ना मॅडम, पोरीचं आयुष्य आहे. तिसरी कथा म्हणून घाला. बक्षीस नाही मिळालं तर नाही.’ मी ऐकलं नाही. तालुक्याचे परीक्षक काय म्हणतील, विज्ञानाच्या बाईला एवढाही फरक कळत नाही म्हणतील, ही धास्ती माझ्या मनात होती. तिला मी तत्त्व असं नाव दिलं. डब्यावर भलतीच चिठ्ठी मी आयुष्यात एकदाच डकवली, ती तेव्हा.

आमच्या शाळेतून तीन कथा गेल्या. एकीत मंगळावर शेती होती, एकीत उडती मोटार होती, एकीत अभ्यास करणारा रोबोट. तिन्हींचे खुलासे चोख होते, कारण ते मीच सांगितले होते. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. दीपाली टोळीबरोबर गेली. जाताना भेटायला आली नाही, आणि मी हजेरीपटात रेघ मारली.

खरं तर इथं विषय संपायला हवा होता. मी तो संपू दिला नाही. कागद मी जपून ठेवला, आणि पुढं दरवर्षी फेब्रुवारीत फळ्यावर मधोमध रेघ मारली, की तो पिशवीतून काढायचे. ‘विज्ञानकथा लिहिताना होणारी नेहमीची चूक बघा,’ म्हणायचे, आणि सावल्यांपर्यंत वाचून थांबायचे. मुलीचं नाव कधी सांगितलं नाही, तेवढी सभ्यता होती. सावल्यांच्या वाक्याला वर्ग दरवर्षी गप्प व्हायचा. मग मी विचारायचे, ‘सांगा, कुठल्या खान्यात?’ आणि सगळ्या जणी एका सुरात ‘अद्भुत’ म्हणायच्या. एकदा एक धीट मुलगी म्हणाली, ‘मॅडम, पुढं काय होतं?’ मी म्हणाले, ‘पुढं काही नाही, आपल्याला एवढंच हवं होतं.’

मनाला काही वाटत नव्हतं असं नाही. हंगामात कधी फडाच्या कडेनं शाळेला जाताना तुटलेल्या उसाच्या बुडख्यांवर नजर गेली, की मी पाय उचलायचे. रान मोकळं असायचं, माणूस नसायचा, पण पाचट वाजायचं. वारा असतो, दुसरं काय. तरी मी मागं वळून बघायचे. वर्गात हजेरी घेताना शेवटच्या नावानंतर ओठांवर आणखी एक नाव यायचं आणि मी हजेरीपट मिटायचे. विज्ञानाची बाई असून मला ही भुताटकी कुणाला सांगता येत नव्हती. हे हयात असताना त्यांना एकदा सांगितलं, तर म्हणाले, ‘चिठ्ठी चुकली असेल तर बदल की.’ मी तीन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांतला फरक म्हणजे यंत्र आणि मंत्र, असं मी जन्मभर सांगत आले. हल्ली वाटतं, फरक अंतराचा आहे. अद्भुतकथा पहिल्याच ओळीत सांगून टाकते, आटपाट नगर होतं. म्हणजे बाबांनो, सामान बांधू नका, तिथं गाडी जात नाही. हा तिचा प्रामाणिकपणा. विज्ञानकथा म्हणते, गाडी जाते, फक्त अजून सुटली नाही. म्हणून विज्ञानकथा वाचताना माणूस पिशवी मांडीवर घेऊन बसतो. पण ती गाडी सगळ्यांच्या गावावरून जात नाही, हे मला कधी सुचलंच नाही. माझ्या मुलानं लहानपणी रोबोटाची गोष्ट लिहिली होती. आज तो पुण्यात तसल्याच यंत्रांच्या कंपनीत आहे. त्याच्या दृष्टीनं ती गोष्ट नुसती आगाऊ लिहिलेली खबर होती. आणि दीपालीला नळाला पाणी कुठल्या खान्यात घालावं, हा प्रश्न पडला होता. दोघांसाठी फळ्यावरची रेघ एका जागी असायचं कारण नव्हतं. मी मात्र ती कायम मधोमधच मारली.

भीतीचंही तसंच. भुताला घाबरायचं नाही, असं आपण मुलांना शिकवतो, कारण भूत खोटं. यंत्राला घाबरायचं नाही, असंही शिकवतो, कारण यंत्र माणसाच्या सोयीसाठी. मग सातवीतल्या मुलीला जी भीती वाटली ती कशाची, हे विचारायला आमच्या अभ्यासक्रमात जागा नव्हती. तिनं ती भीती कागदावर मांडली, तर तिला मी विचारलं, उजेड कुठून येतोय.

यंदा संक्रांत झाली आणि आमच्या शाळेमागच्या मोठ्या फडात ऊस तोडायचं यंत्र आलं. हार्वेस्टर. ऐकून होते, पेपरात बघितलं होतं, दुरून रस्त्यानं जातानाही बघितलं होतं; पण चालताना इतक्या जवळून बघितलं नव्हतं. शाळा सुटल्यावर मुलींबरोबर मीही बांधावर जाऊन उभी राहिले. घराएवढं धूड. सरीत शिरलं की पुढचा ऊस उभ्याचा आडवा होऊन आत जातो आणि कांड्या होऊन शेजारी चालणाऱ्या ट्रॉलीत पडतो. वर काचेच्या खोलीत ड्रायव्हर असणार, पण काचेवर ऊन होतं, आत कुणी दिसत नव्हतं. आवाज असा, की शेजारचीला काही सांगायचं तर कानाला लागून सांगावं लागे.

यंत्र पुढं गेलं, धूळ खाली बसली, आणि मला मागं काहीतरी हलताना दिसलं. ऊन कलतं होतं, समोरून डोळ्यांवर येत होतं. मोकळ्या झालेल्या रानात काळ्या आकृत्या होत्या, वाकलेल्या. तोंड दिसत नव्हतं, अंगावरचं कापड दिसत नव्हतं, नुसत्या वाकलेल्या पाठी आणि त्यांच्याहून लांब पडलेल्या सावल्या. यंत्राच्या तोंडून सुटलेल्या कांड्या, चिपाडं, वाढ्याचे, म्हणजे उसाच्या शेंड्यांचे, तुकडे त्या वेचत होत्या आणि मोळ्या बांधत होत्या. यंत्र वळून परत आलं, की त्या बाजूला सरत आणि ते गेलं, की पुन्हा वाकत. ड्रायव्हरला त्या दिसत असतील की नाही, देव जाणे. मी बांधावरच खाली बसले. एक मुलगी ओरडून विचारत होती, ‘मॅडम, बरं वाटंना का?’

घरी आले आणि कपाटातून कागद काढला. दहा वर्षांत पहिल्यांदा मी तो सावल्यांपाशी न थांबता वाचला. समासातलं वाक्य वाचलं. यंत्र बनवणाऱ्यानं त्यांचा विचार केला नव्हता. खुलासा, खुलासा म्हणून मी टाहो फोडत होते, आणि खुलासा समासात लिहिलेला होता. यंत्र कसं चालतं हे तिनं सांगितलं नव्हतं खरं. यंत्र चालल्यावर माणसाचं काय होतं हे सांगितलं होतं. विज्ञानकथेचं काम दुसरं काय असतं? मंगळावरच्या शेतीत आणि उडत्या मोटारीत ते कुठं होतं?

मग मी पान उलटलं. मागच्या अर्ध्या पानावर गोष्टीचा शेवट आहे. तो मी तेव्हाही वाचला होता. वाचला आणि साधा म्हणून सोडून दिला होता. त्यावर लाल शाईचा एक ठिपकासुद्धा नाही. तिनं लिहिलंय: ‘यंत्रामुळे तोडायला काही उरले नाही. म्हणून त्या मुलीची आई गावातच राहिली. ती मुलगी जून ते एप्रिल एकाच शाळेत गेली. हजेरीत तिचे नाव कुणी खोडले नाही.’

सावल्या मला अशक्य वाटल्या आणि हे वाक्य मला शक्य वाटलं. त्यात विचारण्यासारखं काही आहे असंच मला वाटलं नव्हतं. मुलगी वर्षभर एका शाळेत जाते, यात काय मोठं? अख्ख्या गोष्टीत अद्भुत म्हणावी अशी एकच जागा होती आणि ती माझ्या नजरेतून सुटली होती. मी कॉटवर बसले आणि रडले. डोळे पुसताना चष्म्यावर काजळी लागली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी पुन्हा फडात गेले. या वेळी बांधावर थांबले नाही, आत गेले. जवळ गेल्यावर त्या बायका बायकांसारख्याच दिसल्या. कुणाच्या नाकात चमकी, कुणाच्या पायाला फडकं बांधलेलं. त्यांतलीच एक सरळ उभी राहिली, डोळ्यांवर हात धरला आणि म्हणाली, ‘मॅडम न्हवं का तुमी?’

कांताबाई होती. दात पडलेले, केस निम्मे पांढरे. आम्ही बांधावर बसलो. मी काही विचारायच्या आधी तीच बोलायला लागली. माणसाला बोलायला माणूस मिळालं की ते तसं होतं.

‘यंत्राला जमत न्हाय तिथं आमाला बोलवत्यात,’ ती म्हणाली. ‘आडवा पडल्याला ऊस, चिखुल, अडचणीचा कोपरा. बाकीच्या येळंला ह्या कांड्या येचायच्या. याचं कोण काय देत न्हाय, जनावराला होतंय. घरला बसून तरी काय करावं?’

‘दीपाली कशी आहे?’

‘बरी म्हणायची. सोळावं सरायच्या आत लगीन लावलं. काय करावं मॅडम, कोपीत किती दिस राखावी. आता ती बी तोडणीलाच हाय, उमरग्याच्या पल्याड, कर्नाटकाच्या शिवंवर. नवरा चांगला हाय. दोन पोरी हायत्या. थोरली सा वर्साची.’ ती थांबली. मग फडाकडं बघत म्हणाली, ‘त्या टायमाला पेटी भरून ठिवली व्हती बघा तिनं. पत्र्याची पेटी. समद्या टोळीला सांगत सुटली व्हती, म्या वस्तीगृहात चालले, म्या वस्तीगृहात चालले. निघायच्या दिशी तीच पेटी उचलून टॅक्टरात टाकली. वाटंनं एक शबुद बोलली न्हाय.’

हे ती रागानं बोलली नाही. रागानं बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. मी तिला सांगितलं, की कथा मी पाठवली नव्हती, पाठवायला हवी होती, चूक माझी होती. कांताबाईनं मान हलवली. तिला हे ठाऊक असणार, किंवा आता ठाऊक असून नसून सारखंच असणार.

‘फोन लावून देता का तिला?’ मी म्हणाले.

तिनं कमरेच्या पिशवीतून बटणांचा फोन काढला, नंबर दाबला आणि माझ्या हातात दिला. पलीकडं वाऱ्याचा आवाज होता, पाचटाचा होता. ‘आये, बोल की,’ असं एक जाडसर आवाज म्हणाला. मी नाव सांगितलं.

‘वळखलं मॅडम,’ दीपाली म्हणाली.

कालपासून मनात घोकलेलं सगळं मी एका दमात सांगून टाकलं. तुझी गोष्ट विज्ञानकथाच होती. मला कळली नाही. इथं यंत्र आलंय, तू लिहिलंस तसंच आहे, सावल्यांसकट. ती ऐकत होती. मध्येच कुणाला तरी ‘थांब गं’ म्हणाली, बहुतेक पोरीला.

‘जाऊ द्या मॅडम,’ ती म्हणाली. ‘लेकरापणी काय बी लिवतं माणूस.’

‘थोरली शाळेत जाते का?’

‘नाव घातलंय गावाकडं. आमी हिकडं. आत्ता कोपीत धाकलीला संबाळती.’

‘तिला माझ्याकडं पाठव,’ मी म्हणाले. हे मी ठरवून आले नव्हते. तोंडातून निघालं तेव्हा मलाच ते पहिल्यांदा ऐकू आलं. ‘माझ्या घरी राहील. घरात मी एकटीच असते. शाळा जवळ आहे. एप्रिलपर्यंत राहील, मे महिन्यात तुझ्याकडं, जूनला मी स्वतः आणायला येईन. धाकटीला आजी तिकडं येऊन बघेल. मी आत्ता बोलते तुझ्या आईशी.’

शेजारी बसलेली कांताबाई माझ्याकडं बघत होती. फडात यंत्र वळत होतं.

‘हिच्या बापाला इचारते,’ दीपाली म्हणाली. ‘तो न्हाय म्हणायचा न्हाय.’ मग आवाज बारीक करून, पोरीला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, ती पुढं बोलली. ‘पण मॅडम, पोरीला आत्ताच काय सांगत न्हाय म्या. गाडीत बसली, की सांगते.’